ससा सुटला तरी गुन्हा होतो

हुरड्याचे दिवस होते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या पुढे ओळखीच्या एका शेतात आम्ही आठ-दहा जण जमलो होतो. कणसं भाजून झाली, शेंगाचटणी संपली, आगटीवर राख धरली. दहाच्या सुमारास माळाच्या अंगानं दोन गाड्यांचे दिवे हलताना दिसले. तिथं रस्ता नाही. दिवे वळत होते, मागं येत होते, पुन्हा पुढं जात होते. एका गाडीच्या टपावरून कुणीतरी मोठ्या बॅटरीचा झोत गवतावरून फिरवत होतं. झोत एका जागी थांबला, आरोळी उठली आणि कुत्री सुटली. पुढची चार-पाच मिनिटं शिट्ट्या, हाकारे, इंजिनाची घरघर. मग एकच आवाज आला, तान्ह्या मुलानं टाहो फोडावा तसा.

ससा एरवी जवळजवळ मुकाच असतो. तो असा ओरडतो ते पकडला गेल्यावर.

मी सोलापुरात वकिली करते. रोजचं काम जमिनीच्या दाव्यांचं, वाटपाचं, बांधाच्या भांडणांचं. वन्यप्राण्यांचा कायदा मी परीक्षेपुरता वाचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं घेऊन निघालेले एक धनगर मामा भेटले, त्यांना रात्रीचं विचारलं. ते म्हणाले, "एक घावला बाई त्यास्नी. दुसरा सुटला की. सुटल्याचा कसला गुन्हा?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कायदा पुन्हा काढला. जे कळलं ते कायद्याची भाषा बाजूला ठेवून इथं लिहिते आहे.

शिकार कशाला म्हणतात

आपल्याकडचा मुख्य कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याचं कलम ९ शिकारीला मनाई करतं. पण शिकार म्हणजे काय, हे कलम २ मधल्या व्याख्येत आहे आणि ती व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ मोठी आहे. आपण म्हणतो, प्राणी मेला की शिकार झाली. कायदा म्हणतो, मारणं आणि विष घालणं ही शिकार. पकडणं, पाठलाग करणं, फास लावणं, सापळा मांडणं, हाकारून एका दिशेला पळवणं, आमिष ठेवणं हीसुद्धा शिकार. आणि यांतलं काहीही करण्याचा प्रयत्न हीदेखील शिकार. जखमी करणं, अंगाचा भाग काढून घेणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं, तेही त्यातच.

म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. ज्या क्षणी कुत्री सशामागं सोडली त्या क्षणी गुन्हा घडला. ससा घावला की सुटला, यानं त्यात फरक पडत नाही. "आम्ही कुठं मारला, कुत्र्यानं धरला," हा बचाव आमच्याकडं फार ऐकू येतो, तोही चालत नाही. "माझ्या रानातला ससा" असंही काही नसतं. उतारा तुमच्या नावावर असेल, पण त्या रानात बसलेला ससा तुमच्या नावावर नाही. शिकार झाली की तो प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. गुन्ह्यासाठी वापरलेली आणि जप्त झालेली गाडी, बंदूक, जाळं हेही सरकारजमा होऊ शकतं. शिकारीच्या गाड्या बहुधा महागड्या असतात, त्यामुळे हा भाग लोकांना ठाऊक असला पाहिजे.

१९७२ साली शिकार एकदम बंद झाली असं बहुतेकांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात त्याआधी आपल्या भागाला मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा लागू होता. तो शिकारीला परवाने देणारा, हंगाम ठरवून देणारा कायदा होता. विणीच्या काळात बंदी, एरवी परवाना काढा आणि बंदूक घेऊन निघा. १९७२ च्या कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होतीच, लहान शिकारीचा वेगळा, मोठ्या शिकारीचा वेगळा. ती १९९१ च्या दुरुस्तीनं गेली. तेव्हापासून भारतात हौसेखातर वन्यप्राणी मारायला कायद्यानं जागा उरलेली नाही. माणसाच्या जिवाला धोका असलेला किंवा बरा न होण्याइतका जखमी किंवा आजारी प्राणी, पिकाची नासाडी करणारा प्राणी, अशा ठरावीक वेळी अधिकाऱ्याच्या लेखी हुकमानं शिकारीला परवानगी मिळते, तेवढीच.

तेव्हा "शिकारीवर बंदी आणा" ही मागणी आपल्याकडं करायची गरज नाही. बंदी आहे, आणि जगातल्या अनेक देशांपेक्षा कडक आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा कायदा प्राणी कुठल्या जातीचा हे विचारतो, कुठं मारला हे विचारतो. त्याला मारताना किती यातना झाल्या, हे मात्र विचारत नाही.

दगडाच्या अलीकडे, दगडाच्या पलीकडे

२०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. पूर्वी सहा अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या, होत्या, आता चार आहेत. प्राण्यांसाठी दोन, वनस्पतींसाठी एक, आणि चौथी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींची. पहिल्या अनुसूचीत सर्वाधिक संरक्षण. आपल्या माळावरचे काळवीट, लांडगा, चिंकारा, माळढोक हे तिथं आहेत. ससा आणि रानडुक्कर दुसरीत.

पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात, आणि किमान २५ हजार रुपये दंड. दुसऱ्या अनुसूचीतला असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "पर्यंत" या शब्दाकडं नीट बघा. तिथं किमान शिक्षा नाही. त्यामुळे थोडक्या दंडावरही प्रकरण संपू शकतं. जिथं किमान कैद सांगितलेली नाही असे गुन्हे वन खात्याच्या अधिकाऱ्याकडं रक्कम भरून तडजोडीनंही मिटवता येतात.

आता नान्नजचं बघा. इथलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य म्हणजे एकसंध जंगल नव्हे. ज्वारीची रानं, वस्त्या, रस्ते आणि मधेमधे गवताचे राखलेले तुकडे. अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर प्राणी कुठल्याही अनुसूचीतला असो, शिक्षा किमान तीन वर्षं. म्हणजे तोच ससा, तीच कुत्री, तेच टाहो फोडणं. हद्दीच्या दगडाच्या आत घडलं तर तीन ते सात वर्षं, दगडाबाहेर चार पावलांवर घडलं तर तडजोडीवर प्रकरण मिटण्याची शक्यता. अभयारण्यात जास्त शिक्षा असावी, याला माझी हरकत नाही. ती जागा प्राण्यांसाठीच राखली आहे. पण दगडाबाहेरच्या सशाला कमी दुखलं असेल, असं तर कुणी म्हणणार नाही ना?

दहा रुपये

यातनेचा विचार करणारा वेगळा कायदा आपल्याकडं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्यात "प्राणी" म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, म्हणजे गाय-बैल-कुत्र्याइतकाच रानातला ससाही. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेची लांबलचक यादी आहे. केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचं भक्ष्य व्हावं म्हणून अडकवून ठेवणं, किंवा एका प्राण्याला दुसऱ्याशी झुंजायला, दुसऱ्याला छळायला चिथावणं, हे त्यात स्पष्ट आहे. पिंजऱ्यातून पक्षी किंवा प्राणी सोडून त्यांच्यावर नेमबाजीच्या स्पर्धा घेणं, हेही आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांना माळावरची ती रात्र नेमकी ठाऊक होती असं वाटतं.

आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मामांना हे सांगितलं तर त्यांना मी काहीतरी चुकीचं वाचलं असंच वाटलं. "दहा रुपयांत बिडीचं बंडल न्हाई येत," ते म्हणाले. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होतं. साठ वर्षांत सगळ्याचे भाव बदलले, हा आकडा तेवढा जागचा हलला नाही.

आकड्यापेक्षाही वाईट गोष्टी आहेत. एक, या यादीतले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय अटक करता येत नाही. नेमबाजीच्या स्पर्धांसारखे काहीच गुन्हे दखलपात्र आहेत. कुत्री सोडणं त्यात नाही. दोन, गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला पाहिजे. नाहीतर विषय संपला. वन खात्याकडं अर्ज, तिथून पोलीस, तिथून पुन्हा वन खातं, असा कागद फिरायला लागला की तीन महिने कुठं जातात ते आम्हा वकिलांना चांगलं ठाऊक आहे.

भारतीय न्याय संहितेत, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या कायद्यात, प्राणी मारण्याला किंवा अपंग करण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ऐकायला बरं वाटतं. पण त्या कलमाचा पाया "आगळीक" आहे, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान. शेजाऱ्याची म्हैस मारली तर ते नीट लागू पडतं. माळावरच्या सशासाठी ते ओढूनताणून लावावं लागतं.

असे तीन कायदे आहेत. एक जात आणि जागा बघतो. दुसरा यातना बघतो, पण त्यांची किंमत दहा रुपये लावतो. तिसरा मालक शोधतो. हौसेखातर केलेल्या शिकारीतली क्रूरता या तिघांच्या मधल्या फटीतून निसटते.

सुटलेल्याचं काय होतं

"सुटला" या शब्दानं आपल्याला बरं वाटतं. इथं थोडं शरीराबद्दल सांगावं लागेल, कारण कायद्यानं पाठलागालाच शिकार का म्हटलं ते त्याशिवाय कळत नाही.

आपल्या माळावरचा ससा बिळात राहत नाही. तो गवतात नुसता दबून बसतो. त्याचा पहिला बचाव म्हणजे न हलणं, दुसरा म्हणजे वेडीवाकडी वळणं घेत पळणं. रात्री डोळ्यांवर झोत आला की पहिला बचाव त्याच्या अंगाशी येतो, तो तिथंच थिजतो. उठून पळाला तर मागं नजरेवर धावणारी कुत्री असतात. आमच्याकडं सांगोला, मंगळवेढा, जतच्या पट्ट्यात कारवानी कुत्री पाळतात. लांब तोंड, आत गेलेलं पोट, लांब पाय. देखणी जात आहे, आणि त्यांचा यात काही दोष नाही. शिकवलं तसं ती धावतात. दोन कुत्र्यांनी दोन बाजूंनी धरलं की मरण झटक्यात येईलच असं नाही.

काळवीट आणि चिंकारा यांचं आणखी वेगळं. हरणाच्या जातीचे प्राणी थोड्या वेळाच्या सुसाट धावेसाठी बनलेले आहेत. लांडगा मागं लागतो, काही मिनिटांत एकतर हरीण निसटतं नाहीतर संपतं. जीपमागं जीप लावून त्याला अर्धा तास पळवणं त्याच्या शरीराच्या हिशेबातच नाही. स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, आम्ल साठत जातं, अंगातली उष्णता वाढते, स्नायूंचे तंतू फुटू लागतात आणि त्यांतलं रंगद्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकतं. पशुवैद्य याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. रानातला प्राणी उपचारासाठी किंवा स्थलांतरासाठी पकडतानाही त्यांना याचीच भीती असते, म्हणून ते डोळे झाकतात, आवाज टाळतात, घाई करतात. असा प्राणी कधी तासाभरात मरतो, कधी दोन-चार दिवसांनी. अंगावर जखम नसते. कुठंतरी ओढ्यात, बाभळीखाली बसल्या जागी मान टाकतो, आणि ज्यांनी पळवला त्यांच्या लेखी तो "सुटलेला" असतो.

म्हणून ती व्याख्या मला फार शहाणी वाटते. पाठलाग हा शिकारीतला मधला टप्पा नाही, पुष्कळदा तीच शिकार असते.

इंग्लंडनं वेगळा प्रश्न विचारला

घोड्यांवरून, कुत्र्यांचे कळप घेऊन कोल्ह्यामागं धावणं हा इंग्लंडातला जुना, प्रतिष्ठेचा खेळ. तिथं वादाला कलाटणी मिळाली ती मोजमापानं. पॅट्रिक बेटसन या केंब्रिजच्या जीवशास्त्रज्ञानं कुत्र्यांनी पळवलेल्या सांबरासारख्या तांबड्या हरणांचं रक्त तपासलं. १९९७ साली आलेल्या त्याच्या अहवालात ताणाची संप्रेरकं आणि स्नायूंची झीज इतकी आढळली की ज्या संस्थेनं अभ्यास करवून घेतला होता त्या नॅशनल ट्रस्टनं आपल्या जमिनींवर हा खेळ बंद केला. पुढं काही मोजमापांवर शास्त्रज्ञांत वाद झाला, पण लांबलेल्या पाठलागानं प्राण्याची दशा होते हे कुणी खोडलं नाही. २००० साली लॉर्ड बर्न्स यांच्या समितीनं सरकारला सांगितलं की या शिकारीनं कोल्ह्याच्या हालअपेष्टांत गंभीर भर पडते. २००४ साली कायदा झाला, फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला.

त्यांचा कायदा आपल्या अगदी उलट आहे. इंग्लंडात कोल्हा बंदुकीनं मारता येतो, कुत्र्यांच्या कळपानं पळवून मारता येत नाही. त्यांनी पद्धतीवर बोट ठेवलं, आपण जातीवर. त्यांच्यातही पळवाटा निघाल्या. कोल्ह्याच्या वासाची खोटी वाट आखून कुत्री पळवायची आणि मध्ये खरा कोल्हा आला तर तो "अपघात" म्हणायचा, असे आरोप तिथं वर्षानुवर्षं होत आले आहेत. शिक्षाही फक्त दंडाची. स्कॉटलंडनं २००२ चा आपला कायदा अपुरा पडतो म्हणून २०२३ मध्ये नवा आणला आणि त्यात कुत्र्यांची संख्या साधारण दोनवर आणली.

मला त्यांचा कायदा जसाच्या तसा नको आहे. आपली संपूर्ण बंदी जास्त चांगली आहे. पण त्यांचा प्रश्न आपल्या कायद्यात यायला हवा, की कसं मारलं, किती वेळ लागला?

आफ्रिकेतल्या सिंहांच्या शिकारीचा मुद्दा मी इथं फार वाढवत नाही. तिथं परवान्याच्या पैशांतून जंगल राखलं जातं की नाही, यावर तिथलेच लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. केनियानं १९७७ सालीच शिकार बंद केली, काही देशांनी चालू ठेवली. २०१५ साली झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकी शिकाऱ्यानं बाण मारून जखमी केला आणि तो कित्येक तास तसाच जिवंत होता, तेव्हा सगळं जग हळहळलं. त्या हळहळीतही लोकांना सर्वांत जास्त टोचलं ते त्या तासांचं.

कुणाला पकडतात

या विषयावर सोलापुरात बोलायला लागलं की कुणीतरी पटकन एका समाजाचं नाव घेतं. मला ते ऐकवत नाही. फासेपारध्यांच्या नावातच फास आहे, हे खरं. लाव्हा, तित्तर, ससा धरणं हे त्यांचं पिढ्यानपिढ्यांचं पोटाचं साधन होतं. संस्थानिकांच्या शिकारीत चित्ते सांभाळणारे, डोळ्यांवरची पट्टी सोडून काळविटावर चित्ता सोडणारे जाणकारही असत. कोल्हापूर त्यासाठी प्रसिद्ध होतं. तो राजांचा खेळ होता. माग काढणारे, जनावर सांभाळणारे मजुरीवर होते. पण इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलं ते अशाच भटक्या जमातींना. आमच्या सोलापुरातल्या सेटलमेंटच्या तारेआड माणसं जन्मानं गुन्हेगार म्हणून हजेरी देत होती. १९५२ साली तो कायदा गेला, पण लोकांच्या बोलण्यातून शिक्का गेला नाही.

आताचा कायदा भूक आणि हौस यांत फरक करत नाही. दोन लाव्ह्यांसाठी फास मांडणारा आणि टपावर झोत लावून निघालेला, दोघांनाही एकच कलम. व्यवहारात पायी चालणारा सापडतो, गाडीवाला धूळ उडवून जातो. मी भुकेची शिकार माफ करा म्हणत नाही. फासात अडकलेल्या प्राण्यालाही तितकंच दुखतं. पण शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला हेतू, साधनं आणि यातना या तीन गोष्टी तोलता आल्या पाहिजेत, आणि त्या तराजूत करमणुकीसाठी गाडी, दिवे आणि कुत्री घेऊन गेलेला माणूस सर्वांत जड भरला पाहिजे.

शेतकऱ्यांचं दुःख हा आणखी वेगळा विषय, आणि त्याला शिकारीच्या खेळात मिसळू नये. रात्रीत मक्याचं, भुईमुगाचं रान रानडुकरांनी लोळवलं की काय होतं ते मी अशिलांच्या तोंडून ऐकते. त्यासाठी परवानगीची आणि भरपाईची वाट आहे. ती सोपी आणि वेळेवर व्हावी ही मागणी रास्त आहे. पण आमिषात दडवलेला गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेला करंट ही उत्तरं नाहीत. बॉम्ब चावलेलं डुक्कर लगेच मरत नाही, फुटलेल्या जबड्यानं अन्नपाण्याशिवाय दिवसेंदिवस फिरतं. २०२० मध्ये केरळातल्या गाभण हत्तिणीची बातमी सगळ्यांनी वाचली होती. तिच्या तोंडात फुटलेलं फळही असंच कुणीतरी ठेवलेलं होतं. गावाकडं तेच बॉम्ब गाई चावतात, कुत्री चावतात, आणि करंटच्या तारेला माणसंही चिकटतात.

काय बदलायला हवं

सर्वोच्च न्यायालयानं हे आधीच सांगून ठेवलं आहे. जल्लिकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यतींबद्दलचा २०१४ चा नागराजा खटल्याचा निकाल लोकांना बंदीसाठी आठवतो. पुढं राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ मध्ये घटनापीठानं ते बदल मान्य केले. पण त्या २०१४ च्या निकालात आणखी एक गोष्ट होती. क्रूरतेच्या कायद्यातली शिक्षा फार अपुरी आहे, संसदेनं ती वाढवावी अशी अपेक्षा न्यायालयानं व्यक्त केली होती. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीरही केला. अत्यंत क्रूर कृत्यांसाठी वेगळा वर्ग, दंड हजारांत, तुरुंगवास वर्षांत. तो मसुदा कायदा म्हणून मंजूर झाला नाही.

माझ्या दृष्टीनं पहिलं काम तेच. दहा रुपयांचा आकडा जावा, करमणुकीसाठी केलेली क्रूरता दखलपात्र व्हावी, तीन महिन्यांची मुदत वाढावी. दुसरं, वन्यजीव कायद्याच्या शिक्षेच्या कलमात एक वाक्य वाढवावं, की वाहन, दिव्याचा झोत, कुत्री, स्फोटकं किंवा विजेची तार वापरून केलेली शिकार ही जास्त गंभीर मानली जाईल आणि ती तडजोडीनं मिटवता येणार नाही, प्राणी कुठल्याही अनुसूचीतला असो. एवढ्या एका वाक्यानं दगडाबाहेरच्या सशाचा प्रश्न बराचसा सुटतो. घटनेच्या कलम ५१-अ मध्ये सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे १९७६ च्या घटनादुरुस्तीनं नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. दयेला घटनेत जागा आहे, शिक्षेच्या कलमात नाही.

कायदा बदलेपर्यंत हातात आहे त्यानंही काम होतं. रात्री माळावर असे दिवे दिसले तर गाडीसमोर जाऊ नका, त्यांच्याकडं बंदूक असू शकते. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, तो लावा. वेळ लिहून ठेवा, गाडीचा नंबर, रंग, कुत्री किती, कुठल्या गावाकडं गेले. शिकारीचे व्हिडिओ हौसेनं मोबाइलवर टाकणारे आता कमी नाहीत. तसा दिसला तर पुढं पाठवू नका, तारखेसह जपून ठेवा, तो पुरावा आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. दखल घेतली गेली नाही तर रीतसर नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही या कायद्याखाली थेट न्यायालयात तक्रार करता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. आणि तक्रारीत "शिकार" या शब्दाबरोबर १९६० च्या कायद्याचं कलम ११ ही लिहा. दंड दहा रुपये असला तरी क्रूरतेची नोंद कागदावर येऊ दे.

हे सगळं मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. माळावरच्या चाकोऱ्या दुपारपर्यंत टिकत नाहीत. वारा सुटला की धूळ बसते, आणि मेंढरं गेली की उरलंसुरलं जातं. म्हणून फोटो उजाडल्या उजाडल्या काढायचा, टायरच्या ठशाशेजारी आपली चप्पल ठेवून, म्हणजे माप कळतं.